पेन्शनर : आपल्या साहित्यातून निसटलेला माणूस

सैन्यातून परतलेला माणूस नागरी जीवनात का रुळत नाही, हा प्रश्न जगाच्या साहित्याला नवा नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जर्मन पोरांवर एरिख मारिया रेमार्कने १९३१ साली 'द रोड बॅक' ही कादंबरी लिहिली. खंदकात ज्यांनी एकमेकांना जगवले तेच गावी आल्यावर एकमेकांना परके होतात, शाळेच्या बाकावर त्यांना बसवत नाही, घरच्या माणसांचे बोलणे कानाला ओळखीचे वाटत नाही. त्या युद्धात डॉक्टरांनी या अवस्थेला 'शेल शॉक' म्हटले. पुढे व्हिएतनामचे युद्ध संपल्यावर, १९८० साली, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगसूचीत तिला अधिकृत नाव दिले आणि तेव्हापासून या विषयावर ग्रंथांची रास पडली. त्यातले काही मी अडखळत का होईना, वाचले. वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली. या सगळ्या लेखनात प्रश्न एकच विचारलेला असतो : युद्धाने या माणसाचे काय केले? घर ठीक आहे, गाव ठीक आहे, समाज ठीक आहे. बिघडला आहे तो माणूस. त्याला दुरुस्त करायचे आणि त्याच्या जुन्या जागी नेऊन बसवायचे.

पण ज्याची जुनी जागा गावकुसाबाहेर होती त्याला कुठे नेऊन बसवायचे? त्याने 'रुळायचे' म्हणजे नेमके कशात रुळायचे? हा प्रश्न त्या ग्रंथांत नाही. आपल्याकडील लष्करी पुनर्वसनाच्या सरकारी पत्रकांतही नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की, तो आपल्या साहित्यातही जेमतेमच आहे. दलित साहित्याचे सुरुवातीचे गद्य ज्या माणसाच्या हातून लिहिले गेले तो लष्करातून परतलेला, गावाच्या चौकटीत न मावणारा पेन्शनर होता, हे आपण विसरलो आहोत. त्याचे हे 'न रुळणे' आपल्या वाङ्मयाच्या मुळाशी आहे असे माझे मत आहे, आणि ते मी इथे मांडणार आहे. त्याचबरोबर या माणसाला आपण पूर्वज करून भिंतीवर टांगले आणि माणूस म्हणून वाचलेच नाही, हेही सांगणार आहे.

आधी थोडा इतिहास. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला जो स्तंभ उभा राहिला त्यावर 'नाक' हा प्रत्यय लागलेली बावीस नावे आहेत, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. दरवर्षी आपण तिथे जातो, नावे वाचतो. पण स्तंभ हा मेलेल्यांचा असतो. जे त्या दिवशी वाचले, ज्यांनी पुढे दहा-वीस वर्षे नोकरी केली आणि मग बिस्तरा उचलून निघाले, ते कुठे गेले? त्यांचा स्तंभ नाही. आपला इतिहासलेखक लढाईपाशी थांबतो आणि आपला कवीही तिथेच थांबतो. मला त्या वाचलेल्या माणसाचे पुढे काय झाले ते हवे आहे.

त्या काळाविषयी जे ठाऊक आहे त्यावरून एक गोष्ट ठळक दिसते. परतलेला पेन्शनर पुष्कळदा गावी परतलाच नाही. गोपाळबाबा वलंगकरांचे मूळ गाव महाडजवळचे रावढूळ. १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते दापोलीला राहिले. सुभेदार रामजी सकपाळांचे मूळ गाव आंबडवे, आजच्या मंडणगड तालुक्यात. निवृत्तीनंतर ते दापोलीला राहिले, मग साताऱ्याला, मग मुंबईला. दापोलीचे नावच 'कॅम्प दापोली'. छावणीच्या आसऱ्याने तिथे पेन्शनरांची वस्ती झाली. आंबडव्यात घर नव्हते म्हणून सुभेदार तिकडे गेले नाहीत असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. चौदा वर्षे ज्याने लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केली, त्याने गावात जाऊन कोणाच्या दारात 'जोहार मायबाप' म्हणायचे? खेड्याविषयी बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत जे कठोर शब्दांत बोलले, ते त्यांच्या आधीच्या पिढीतील पेन्शनरांनी पायांनी करून दाखवले होते.

इथे सलाम आणि जोहार यांतला फरक नीट पाहिला पाहिजे. सैन्यातही उतरंड आहे. शिपायाने सलाम करायचा असतोच, आणि साहेब गोरा असला तर त्याची गुर्मीही असते. पण सलाम हुद्द्याला असतो, आणि साहेबाला तो परत करावा लागतो. हुद्दा वाढतो, शिपायाचा हवालदार होतो, हवालदाराचा सुभेदार होतो. जोहार परत येत नाही. जोहार करणाऱ्याचा मुलगा जोहारच करतो. पंधरा-वीस वर्षे हाताला सलामाची सवय लागलेला माणूस पुन्हा जोहाराकडे वळत नाही, यात मानसशास्त्राचे कोडे कसले आहे?

दुसरी गोष्ट अधिक रोकडी आहे, आणि आपल्या समीक्षेने ती नेहमी दुय्यम मानली. ती म्हणजे पेन्शन. गावगाड्याची सारी सत्ता पोटावर चालत होती. सुगीला खळ्यावरचे बलुते, रोजचा भाकरतुकडा, मेलेले ढोर आणि त्या बदल्यात येसकरपाळी, वेठ, सांगावे, सरणाची लाकडे. ज्याचे पोट गाव भरते त्याने गावाला उलट बोलायचे नसते. बोलला की बलुते बंद. पेन्शनरचे पोट मात्र सरकारी खजिन्यातून भरत होते. रक्कम थोडी असेल, पण ती दर महिन्याला रोख मिळे आणि पाटलाच्या हातात नव्हती. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' (१९१५) या प्रसिद्ध ग्रंथात अलुत्या-बलुत्यांची साद्यंत मांडणी आहे. त्या मांडणीत पेन्शनरला खाना नाही, आणि तो असूही शकत नव्हता. ज्याला गाव उपाशी ठेवू शकत नाही असा महार गावगाड्याच्या कल्पनेतच बसत नाही. म्हणून मी म्हणतो, पेन्शनर रुळला नाही याचे पहिले कारण त्याच्या डोक्यात नाही, त्याच्या उत्पन्नात आहे.

आता गोपाळबाबांच्या लेखनाकडे या दृष्टीने पाहावे. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, १८८८ साली, त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली. तिचे रूप पाहण्यासारखे आहे. ती कैफियत नाही आणि अभंगही नाही. ती सवर्णांना विचारलेल्या प्रश्नांची मालिका आहे. आपल्याकडे तोवर जे काही शब्दांत आले होते ते बहुधा देवाला उद्देशून होते. चोखोबापासून आमचा माणूस विचारत आला तो विठ्ठलाला. हा हवालदार विठ्ठलाला मधून काढतो आणि थेट ब्राह्मणाला विचारतो : विटाळ कशाने होतो, कोणाला होतो, कोणी ठरवला? एकामागून एक. जोतीराव फुल्यांचा प्रभाव त्यात आहे, हे सर्वमान्य आहे. पण हा सूर केवळ वाचनाने येत नाही. चौकीवर उभे राहून 'कोण आहे, कुठला, कशासाठी?' असे विचारण्याची ज्याला सवय आहे त्याचा तो सूर आहे. सुरुवातीच्या दलित गद्यातले हे वाक्य प्रश्नार्थक निघाले आणि ते एका पेन्शनरचे होते. या दोन गोष्टी एकत्र ठेवून आपण कधी वाचल्या आहेत काय? १८९५ साली सरकारने त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमले तेव्हा सवर्णांनी विरोध केला. कारण उघड आहे. बोर्डाच्या खुर्चीवर बसलेला हवालदार आता जाब विचारू शकत होता.

पण याच गोपाळबाबांचा दुसरा कागदही वाचला पाहिजे, आणि तो डोळे झाकून वाचता येत नाही. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करभरती थांबवली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त पुढे आला आणि कोण लढाऊ, कोण नाही हे साहेबाने ठरवले. १८९४ साली अनार्य दोषपरिहारक मंडळाच्या वतीने गोपाळबाबांनी लष्कराकडे विनंतीपत्र तयार केले. त्यात आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा आहे. सवर्णांना प्रश्न विचारताना जो माणूस शिडीच नाकारतो, तोच सरकारपुढे शिडीवरची आपली जुनी पायरी मागतो. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. त्यातही पूर्वजांच्या लष्करी सेवेचे स्मरण आहे आणि पोलिसात, सैन्यात, खालच्या दर्जाच्या का होईना, नोकऱ्यांची मागणी आहे. 'लढाऊ कोण हे ठरवणारे तुम्ही कोण?' असे कोणी विचारले नाही. 'आम्हीही लढाऊ आहोत' एवढेच म्हटले. यासाठी त्या पिढीला हिणवावे असे मी म्हणत नाही. भरती बंद म्हणजे शाळा बंद. लष्करात शिपायाला आणि त्याच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. ते दार मिटल्यावर पुन्हा येसकरपाळीच. बुडत्याने विनंतीच्या भाषेत ओरडले तर त्याची भाषा तपासत बसू नये. परंतु समीक्षकाने दोन्ही कागद शेजारी ठेवलेच पाहिजेत. हुद्द्याचा अभिमान माणसाला गावापुढे ताठ उभा करतो आणि तोच अभिमान त्याला साहेबापुढे आणि आपल्यापेक्षाही खाली ढकललेल्यांपुढे वेगळ्या रीतीने उभा करतो. मांगवाड्याशी, मेहतर वस्तीशी पेन्शनर कसा वागला, याबद्दल आपण सोयीस्कर मौन पाळले आहे.

दुसरा पाठ बाबासाहेबांचा आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथनपर टिपण आपण नेहमी अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वाचतो. ते एका निवृत्त सुभेदाराच्या घराचे चित्र म्हणूनही वाचता येते. १९०१ सालची गोष्ट. दुष्काळी कामावरच्या तळ्याच्या खोदाईवर सुभेदार रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. साताऱ्याहून मुले वडिलांकडे निघाली : नऊ-दहा वर्षांचा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले. अंगात विलायती धाटणीचे सदरे, डोक्यावर झगमगीत टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे जोडे. मसूर स्टेशनावर उतरली. स्टेशनमास्तर कपडे पाहून विचारपूस करतो, जात कळताच आपल्या खोलीत निघून जातो. गाडीवाले मिळत नाहीत. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर एकजण तयार होतो. जेवण बरोबर आहे पण पाणी नाही. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळत नाही.

या प्रसंगात सुभेदार कुठे आहेत? ते मुलांच्या कपड्यांत आहेत. वर्षानुवर्षांच्या नोकरीतून जे मिळाले ते त्यांनी पोरांच्या अंगावर घातले होते, आणि मसूरच्या फलाटावर ते कपडे जेमतेम दोन वाक्ये टिकले. खिशात पैसा होता. गाडीवाल्याने दुप्पट पैसा घेतला, शेजारी मात्र सुरुवातीला बसला नाही. पेन्शनने पोट सोडवले हे मी वर म्हटले. पेन्शनने काय सोडवले नाही ते इथे आहे. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मुले गोरेगावला पोचतात. वडील चकित होतात. तुमचे पत्रच आले नाही म्हणतात. मुले म्हणतात, पाठवले होते. मागाहून कळते की नोकराने पत्र दिलेच नव्हते. बस्स, वडिलांचे बोलणे एवढेच. ज्याच्या हुकमावर माणसे चालली त्या सुभेदाराने पोरांची रात्र ऐकल्यावर काय म्हटले, हे त्या टिपणात नाही. बाबासाहेबांना आठवत नसेल, किंवा सुभेदार काहीच बोलले नसतील. मला ही दुसरी शक्यता खरी वाटते. मुलाने ती रात्र लिहिली, बापाची रात्र कोणी लिहिली नाही. दलित आत्मकथन ही मुलांची वाङ्मयीन कृती आहे, आणि बापाचे हे मौन तिला पहिल्यापासून चिकटलेले आहे.

१९७८ च्या 'बलुतं'पासून आत्मकथनांचे जे पीक आले त्याने मराठी वाङ्मयाची जमीन बदलली. पण त्यात निवेदक बहुतेक वेळा शाळेच्या वाटेने निघालेला मुलगा आहे. भूक, शाळा, मास्तर, वसतिगृह, शहर ही त्याची वाट. त्या वाटेवर पेन्शनर भेटतो तो ओझरता : मिशा राखलेला, जुना कोट घातलेला, पोरांना कवायत शिकवणारा, नाहीतर संध्याकाळी झिंगलेला. वसंत मून यांच्या 'वस्ती'त (१९९५) नागपूरच्या महारवस्तीचे आणि समता सैनिक दलाचे दर्शन घडते. दलाची शिस्त, रांगा, काठ्या हे सारे लष्करी सवयीतून आले आहे हे उघड दिसते. पण ती सवय ज्याच्या अंगात होती त्याचे अंतरंग तिथेही दूरच राहते. प्रस्थापित मराठी कथेने तर निवृत्त लष्करी माणसाचे विनोदी पात्र करून टाकले आहे. तो सदाशिव पेठेतला किंवा फार तर साताऱ्याच्या पाटलाघरचा असतो. त्याची शिस्त हास्यास्पद असते, त्याचे दुःख एवढेच की घरचे त्याचे ऐकत नाहीत. आमच्या पेन्शनरचे ऐकत नव्हते ते गाव, आणि ते विनोदी नव्हते.

अमेरिकेतल्या काळ्या लेखकांकडे आपण विद्रोहाच्या कवितेसाठी गेलो, तसे या विषयासाठीही जायला हवे. टोनी मॉरिसनच्या 'सुला' (१९७३) कादंबरीत शॅड्रॅक नावाचा काळा शिपाई पहिल्या महायुद्धातून परततो. इस्पितळातून त्याला बाहेर काढून दिले जाते, रस्त्यात पोलीस त्याला दारुड्या समजून कोठडीत टाकतात. गावी येऊन तो दरवर्षी ३ जानेवारीला 'राष्ट्रीय आत्महत्या दिन' पाळू लागतो, आणि काळ्यांची वस्ती हळूहळू या वेडाला आपल्या पंचांगात सामावून घेते. मॉरिसन त्याला वीर करत नाही, रोगीही करून सोडत नाही. त्याने युद्धात डोके उडालेला सोबती पाहिला आहे, हे ती लिहिते. आणि परतल्यावर त्याला कोणत्या जगात सोडले, हेही लिहिते. दोन्ही एकाच माणसात. वास्तव तर कादंबरीपेक्षा क्रूर होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये आयझॅक वुडार्ड नावाचा काळा सार्जंट सन्मानाने सेवामुक्त होऊन काही तासांतच, अंगावर गणवेश असताना, दक्षिण कॅरोलिनात पोलिसांच्या मारहाणीत दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला. गोऱ्या ज्यूरीने पोलीसप्रमुखाला निर्दोष सोडले. या माणसाचा 'पुनर्वसनाचा प्रश्न' कोणत्या डॉक्टरकडे न्यायचा?

आपल्याकडे मात्र उलटे झाले. समाजाचा दोष इतका उघड होता की, शिपायाने युद्धात काय पाहिले हे विचारायला आपण विसरलो. ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली पलटण बेळगावला आणि दुसरी कामठीला उभी राहिली. कामठी म्हणजे आमच्या विदर्भातले. १९४७ मध्ये फाळणीच्या वेळी या रेजिमेंटच्या पलटणी पंजाबात निर्वासितांच्या रक्षणाला होत्या. तिथे त्या तरुणांनी जे पाहिले असेल त्याची एक ओळ तरी मराठी दलित साहित्यात मला भेटलेली नाही. पंजाबच्या कत्तलीवर उर्दूत, हिंदीत, पंजाबीत केवढे साहित्य आहे! आमचा माणूस बंदूक घेऊन तिथेच उभा होता, रात्री दचकून उठतही असेल. त्याची बायको ते कोणाला सांगत असेल? की शिस्तीच्या नावाखाली चालणारा हातही तिलाच सोसावा लागत असेल? आपल्या साहित्याने पेन्शनरला स्वप्ने दिली नाहीत, घर दिले नाही, घरातली बाई तर नाहीच नाही. फक्त अभिमान दिला.

मी बाभुळगावला शिकवतो. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला, त्यामुळे गावातले कागद, अर्ज, बँकेची पत्रे आजही माझ्याकडे येतात. तालुक्यातल्या एका गावचे गृहस्थ असेच कागद घेऊन येत. सतरा वर्षांची नोकरी, सिक्कीम आणि काश्मीर पाहिलेले, आता जिनिंगमध्ये रात्रपाळीचे पहारेकरी. शिपायाला पंधरा वर्षांच्या नोकरीवर पेन्शन लागू होते. म्हणजे माणूस पस्तिशी-चाळिशीच्या आत मोकळा होतो, अर्धे आयुष्य पुढे पडलेले असते. फंडाच्या पैशात त्यांना रस्त्यालगतचे वावर घ्यायचे होते. सौदा दोनदा ठरला, दोनदा मोडला. अखेर बरडाची जमीन मिळाली. बेंबळा धरणाचे पाणी तालुक्यात आले, पण त्या बरडावर ते चढत नाही. घरावर स्लॅब टाकला तेव्हा लोक म्हणाले, माजला. २६ जानेवारीला मात्र शाळेत झेंड्याजवळ त्यांना पहिल्या रांगेत उभे करतात. मी एकदा विचारले, "काका, गावात मन लागते का?" ते म्हणाले, "पारावर मले कोणी बस म्हणत नाही सर, अन् ऊठही म्हणत नाही. मंग मी तिकून जातच नाही."

पूर्वी गाव 'ऊठ' म्हणत होते, तेव्हा भांडण सोपे होते. आता गाव गप्प राहते. माजी सैनिकाला नोकरीत समांतर आरक्षण आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, राज्याचे माजी सैनिक महामंडळ २००२ पासून आहे. हे सगळे आहे आणि ते चांगलेच आहे. पण त्यातून बहुतेक वेळा काय हाती येते? पहारेकऱ्याची काठी. ज्याने देशाच्या सीमेवर पहारा केला त्याने आता गिरणीच्या, बँकेच्या, दुकानाच्या दारात पहारा करायचा. आमच्या माणसाच्या बाबतीत यात एक जुना वासही आहे. वेशीवरचा पहारा हे महाराचेच वतनी काम होते. १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले. पहारा राहिला, गणवेश बदलला.

आणि आता मी या लेखाच्या खऱ्या काळजीपाशी येतो. गोपाळबाबा लिहू शकले कारण पेन्शन होती. १९ मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी कोकणातल्या लष्करी लोकांच्या त्या गजबजलेल्या काळाची आठवण काढली आणि भरती बंद झाल्याने समाज कसा मागे पडला ते सांगितले. तो काळ पेन्शनवर उभा होता. पण ज्यांना पेन्शन नव्हती त्यांचे काय झाले? पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारला 'लढाऊ जात' विसरता आली. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धाची गरज संपताच, १९२१ पर्यंत, मोडली. चार वर्षे. या चार वर्षांच्या शिपायांतून गोपाळबाबा निघाले नाहीत, निघणे शक्य नव्हते. चार वर्षे सलाम करून पाचव्या वर्षी पुन्हा बलुत्याला हात पसरणाऱ्याकडे प्रश्न असतील, पण ते छापायला लागणारी भाकरी नव्हती. त्यांच्यापैकी एकाचाही कागद माझ्या हाती लागलेला नाही.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वर्षांची मुले, नोकरी चार वर्षांची, चारातला एक पुढे ठेवायचा, बाकीच्यांना एकरकमी पैसे द्यायचे आणि पेन्शन नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस प्रशिक्षणाला गेल्या. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. योजनेची लष्करी बाजू तज्ज्ञांनी पाहावी. मला दिसतात ती पहाटे धामणगाव रस्त्यावर धावणारी माझ्या वर्गातली पोरे. कापसाच्या शेतात पोट भरत नाही, बापाच्या डोक्यावर कर्ज आहे, प्राध्यापकीची नोकरी कशी मिळते ते त्यांनी माझ्याकडे पाहून जाणले आहे. ती धावणार, आणि धावू नका असे सांगण्याचा अधिकार मला नाही. बावीस-तेविसाव्या वर्षी ती परततील, पाठ ताठ झालेली असेल आणि दर महिन्याला खजिन्यातून येणारे काही नसेल. दापोलीला राहण्याची सोय नसेल, पाराजवळून न जाण्याचीही नसेल. हे १८८६ चे परतणे नाही, १९२१ चे आहे, आणि १९२१ विषयी आपल्या वाङ्मयात कोरे पान आहे.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती करतो. आपल्या वस्तीत, नातेसंबंधात असा माणूस असेल, पेन्शनवाला किंवा बिनपेन्शनचा, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या आज्याची आठवण सांगणारी म्हातारी असेल, तर तिचे-त्याचे बोलणे त्याच बोलीत उतरवून घ्यावे. लढाईचे विचारावेच, पण त्याआधी विचारावे की स्टेशनावर उतरल्यावर घरापर्यंत कसे गेलात, वाटेत कोण भेटले, ते काय म्हणाले. ट्रंकेत डिस्चार्ज बुक असते. त्यावर नाव, जात, उंची, अंगावरच्या खुणा आणि 'वर्तणूक' या सदराखाली साहेबाचा शेरा असतो. त्याचीही नक्कल करून ठेवावी.